पट्ट्याला शेवटची तारीख नव्हती: मणका दबल्यानंतर टिकून राहिलेल्या पाठदुखीचे एक प्रकरण

सातारा जिल्ह्यातील एका गावच्या ६२ वर्षांच्या गृहिणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांचा मणका दबल्याला चौदा महिने होऊन गेले होते. सोबत मुलगा आणि सून होती. सुनेच्या हातातील पिशवीत एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म, औषधांच्या चिठ्ठ्या आणि वापरून ढिला पडलेला एक टेलर ब्रेस, म्हणजे पाठ ताठ धरणारा पट्टा, होता. दुसरा, नवा ब्रेस बाईंच्या अंगावर साडीवरून आवळलेला होता. ओळख पटेल असे तपशील मी येथे वगळले आहेत; उपचाराचा क्रम आणि त्यातील चुका मात्र जशा घडल्या तशा मांडल्या आहेत.

आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्या एका लग्नाहून बसने परतत होत्या आणि त्यांना जागा मिळाली ती अगदी मागच्या बाकावर. वेग कमी न करता बस गतिरोधकावरून गेली, बाई बाकावरून वर उडाल्या आणि बसल्या अवस्थेतच खाली आदळल्या. हा प्रकार आपल्याकडील अस्थिरोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मागच्या चाकांच्याही मागे असलेला बाक, चाके गतिरोधकावर चढताना तरफेच्या लांब टोकासारखा वर फेकला जातो, आणि परत आदळताना सगळा भार कण्यातून उभ्या रेषेत जातो. छातीचा ताठर कणा जेथे संपतो व कमरेचा लवचीक कणा जेथे सुरू होतो, तेथे हा भार एकवटत असल्यामुळे अशा अपघातांत छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला हे मणके सर्वांत जास्त सापडतात. बाईंचा कमरेचा पहिला मणका दबला होता.

त्याच बाकावर बसलेल्या आणखी चौघांना काहीही झाले नाही, हे मुलाने नशिबाला बोल लावण्याच्या सुरात सांगितले. निदानाच्या दृष्टीने मात्र साऱ्या हकिकतीतील ते सर्वांत मोलाचे वाक्य होते. एकच धक्का पाच जणांना बसतो आणि एकाचाच मणका दबतो, तेव्हा प्रश्न धक्क्याचा कमी आणि हाडाचा जास्त असतो. चौदा महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

पहिल्या रुग्णालयात झालेला उपचार चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मणक्याच्या पुढच्या भागाची सुमारे एक तृतीयांश उंची कमी झाली होती, पण मागची भिंत, मागचे अस्थिबंध आणि मज्जारज्जूचा मार्ग शाबूत होता. पायांत ताकद होती आणि लघवी-शौचावर नियंत्रण होते. अशा दुखापतींची तीव्रता मोजण्याच्या रूढ गुणपद्धतीत फक्त दबलेल्या मणक्याला एकच गुण मिळतो, आणि शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो तो चार गुणांपासून. म्हणून विश्रांती, वेदनाशामक आणि ब्रेस हा निर्णय योग्यच होता. चूक झाली ती घरी पाठवताना. डिस्चार्जच्या कागदावर चार सूचना होत्या: पट्टा वापरावा, वाकू नये, खाली बसू नये, वजन उचलू नये. या चारही सूचना पहिल्या तीन महिन्यांसाठी रास्त होत्या. पण त्या कधी थांबवायच्या हे कागदावर लिहिलेले नव्हते, आणि सहा आठवड्यांनी झालेल्या एकुलत्या एक फेरतपासणीत "चालू ठेवा" एवढेच सांगितले गेले. कुटुंबाने ते निष्ठेने चालू ठेवले.

परिणामी बाईंचा दिवस कसा जात होता, हे समजून घेण्यात आम्ही पहिला पाऊण तास खर्च केला. अंघोळ आणि झोप सोडून ब्रेस कायम अंगावर असे. खाली बसणे पूर्ण बंद. केर काढणे, पाणी भरणे, भाजी निवडणे ही कामे सुनेकडे गेली होती. नातवाला उचलू नये म्हणून त्याला त्यांच्या खोलीतही फारसे येऊ देत नसत. फक्त संध्याकाळच्या भाकरी त्यांनी हट्टाने स्वतःकडे ठेवल्या होत्या आणि नेमक्या त्या वेळीच पाठ असह्य होत असे. गावातील औषधांच्या दुकानातून आणलेली अॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल यांची एकत्र गोळी रोज दोनदा, वर्षभर, आणि कॅल्शियमची गोळी आठवेल तेव्हा, असा औषधोपचार चालू होता.

दुखणे शून्य ते दहा या पट्टीवर विचारले तेव्हा त्यांनी संध्याकाळसाठी सात सांगितले. या आकड्याने फारसे काही कळत नाही. त्यापेक्षा त्यांनी वापरलेले शब्द अधिक उपयोगी ठरले. अपघातानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांबद्दल बोलताना त्या म्हणत होत्या की कूस बदलली की "चमक निघायची", श्वास अडकायचा. आताच्या दुखण्याला त्या कधीच चमक म्हणत नव्हत्या. आता पाठ "भरून येते" आणि कमरेत "ओढ लागते" असे त्या सांगत होत्या. मोडलेले हाड हलते तेव्हा चमकते. थकलेला स्नायू भरून येतो. मराठी माणूस हा फरक न शिकवता करतो, आणि तपासणाऱ्याने तो लिहून घेतला तर निदानाची अर्धी वाट तेथेच सरते.

जागेबाबतही असेच झाले. कोठे दुखते ते बोटाने दाखवा, असे म्हटल्यावर त्यांचे बोट दबलेल्या मणक्यावर गेलेच नाही. ते गेले त्याच्या चांगले वीतभर खाली, कमरेच्या दोन्ही बाजूंना, जेथे ब्रेसची खालची कड संपत होती. दबलेल्या मणक्यावर मुठीने हलके ठोकले असता दुखले नाही. मागे वाकवल्यावर कमरेत कळ आली, आणि ओट्यावर कोपरे टेकून पुढे झुकल्यावर ती उतरली. भाकरी करताना मधूनमधून त्या असेच झुकतात, असे सुनेने सांगितले. पायांची ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया ठीक होत्या. भिंतीला टाचा व पाठ टेकवून उभे केले असता डोक्याची मागची बाजू भिंतीपासून पाच सेंटिमीटर दूर राहिली. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटे मावली. फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा आताशा हाताला लागत नाही, हे त्यांनी सहज सांगितले; कणा पुढे झुकून उंची घटल्याच्या या खुणा होत्या. खुर्चीवरून हात न लावता तीस सेकंदांत त्या पाचच वेळा उठू शकल्या. दैनंदिन कामांतील अडचण मोजणाऱ्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीच्या मराठी आवृत्तीवर त्यांची अक्षमता ५२ टक्के आली.

एवढ्यावरून "हाड सांधले आहे, दुखणे स्नायूंचे आहे" असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो त्याच दिवशी काढणे धोक्याचे असते. आपल्या देशात साठीच्या बाईची लांबलेली पाठदुखी म्हटली की कण्याचा क्षयरोग मनात यायलाच हवा. हाडांच्या मज्जेचा कर्करोग मणके पोखरून गेल्यावरही चित्र असेच दिसू शकते. आणि दबलेल्या मणक्याचा रक्तपुरवठा तुटून तो काही महिन्यांनी आतून ढासळण्याचा, कुमेलच्या नावाने ओळखला जाणारा प्रकारही ठाऊक असावा लागतो. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, बारीक ताप, वजन घटणे, पायांत अशक्तपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, मांड्यांच्या आतल्या बाजूची बधिरता, यांपैकी काहीही बाईंना नव्हते. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी उभ्याने एक्स-रे आणि नवा एमआरआय करून घेतला. मणक्याची उंची पहिल्या फिल्मइतकीच होती, आत पोकळी नव्हती, आणि ताज्या अस्थिभंगात दिसणारी सूज कोठेही नव्हती. ईएसआर ही दाह दाखवणारी रक्ततपासणी सामान्य होती आणि रक्तातील प्रथिनांच्या तपासणीत मज्जेच्या कर्करोगाचा संशय यावा असे काही आढळले नाही. मणका सांधला होता. पाचरीच्या आकारात सांधला होता, पण सांधला होता.

मग दुखत काय होते? मणका पुढून दबला की वरचा कणा पुढे कलतो. नजर समोर ठेवण्यासाठी माणूस ही तूट खालून भरून काढतो, म्हणजे कमरेचा बाक वाढवतो. त्यामुळे कमरेच्या खालच्या मणक्यांमागील छोट्या सांध्यांवर दिवसभर दाब पडतो, आणि पुढे कललेले धड तोलून धरण्यासाठी पाठीच्या स्नायूंना सतत ताणलेल्या अवस्थेत काम करावे लागते. ज्या स्नायूंकडून आता जास्त काम हवे होते, त्यांनाच ब्रेसने चौदा महिने बसवून ठेवले होते. संध्याकाळी दुखणे वाढणे, मागे वाकल्यावर कळ येणे, झुकल्यावर आराम वाटणे, या तिन्ही गोष्टींचा अर्थ त्यातून लागत होता.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक वाक्य होते. खाली वाकून दाखवा म्हटल्यावर त्या जागच्या जागी ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "मणका फुटलाय माझा. वाकले तर परत तुटंल." या समजुतीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ती त्यांना कागदावर लिहून दिलेली होती.

दुसरीकडे, जे खरोखर जपायला हवे होते त्याकडे दुर्लक्ष झाले होते. वयाच्या ४१व्या वर्षी त्यांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि त्याच वेळी दोन्ही अंडाशयेही काढली होती, ही गोष्ट चौकशीत कळली; म्हणजे इस्ट्रोजेनचे संरक्षण सर्वसाधारण रजोनिवृत्तीच्या कितीतरी आधी संपले होते. ग्रामीण भागातील पन्नाशी-साठीच्या बायकांची पाठ तपासताना "पिशवी काढली आहे का, कितव्या वर्षी" हा प्रश्न मी आता नाव-गावाच्या पाठोपाठ विचारते. हाडांच्या घनता मापनात खुब्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.९ आणि दबलेला मणका वगळून कमरेचा उणे ३.४ आला; उणे २.५ किंवा त्याखाली अस्थिठिसूळता मानतात, आणि खरे तर एवढ्या धक्क्याने मणका दबला हेच निदानाला पुरेसे होते. ड जीवनसत्त्व मिलिलिटरला ११ नॅनोग्रॅम, म्हणजे फारच कमी होते. वजन ४६ किलो, रक्तदाब १५२/९४, आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.३.

थोडक्यात, पाठीला गरजेपेक्षा जास्त जपले गेले होते आणि हाडाला अजिबात जपले गेले नव्हते. उपचार या दोन्ही दिशांनी उलटवायचा होता.

पहिली भेट फक्त बोलण्यात गेली. दोन्ही एक्स-रे खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरून मी त्यांना आणि सुनेला दाखवले, की तेव्हाचा आणि आजचा मणका एकाच मापाचा आहे. मधल्या काळात तो खचलेला नाही. मोडलेला हात वाकडा सांधला तर वाकडा दिसतो, पण मोडलेला राहत नाही, हे उदाहरण त्यांना लगेच पटले, कारण त्यांच्या दिराचे मनगट तसेच होते. सुनेशी वेगळे बोलावे लागले. "आई, तुम्ही बसा" हे ती मायेनेच म्हणत होती, आणि ते थांबवणे म्हणजे सासूला कामाला लावणे असा अर्थ गावात निघेल याची तिला भीती होती. तेव्हा कोणते काम किती मिनिटे करायचे हे आम्ही चिठ्ठीवर सहीनिशी लिहून दिले. ती चिठ्ठी औषधाइतकीच उपयोगी पडली असे मला वाटते.

ब्रेस एकदम काढला नाही. चार आठवड्यांत तो टप्प्याटप्प्याने उतरवला: आधी सकाळचे दोन तास, मग दुपार, सर्वांत शेवटी भाकरीची वेळ. भाकरी करताना दुखणे असह्य होईपर्यंत उभे राहायचे आणि मग तासभर पडून राहायचे, हा त्यांचा जुना क्रम आम्ही मोडला. बारा मिनिटे उभे राहून, दुखो वा न दुखो, पाच मिनिटे खुर्चीवर टेकायचे, आणि दुपारी पाठ भरून येण्याआधीच वीस मिनिटे गुडघे दुमडून उताणे पडायचे, असे ठरवले. ओट्यापुढे एक पाट ठेवून त्यावर आळीपाळीने एक पाऊल टेकवायला सांगितले. एक पाय उंचावला की कमरेचा बाक कमी होतो आणि मागच्या सांध्यांवरचा दाब हलका होतो. या पाटावर त्या इतक्या खूश झाल्या की पुढच्या भेटीत शेजारणीलाही घेऊन आल्या.

वाकण्याच्या बाबतीत मात्र सरसकट मोकळीक देता येत नव्हती, आणि येथेच या प्रकरणातील खरी कसरत होती. "वाकू नका" हे चूक, पण ठिसूळ हाडांच्या बाईला "कसेही वाका" हेही चूकच. १९८४ साली अमेरिकेत अस्थिठिसूळता असलेल्या स्त्रियांवर झालेल्या एका छोट्या पण फार उद्धृत केल्या जाणाऱ्या अभ्यासात, पाठ पुढे गोल करण्याचे व्यायाम करणाऱ्या गटातील ८९ टक्के स्त्रियांमध्ये नवे मणके दबलेले आढळले, तर पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात हे प्रमाण १६ टक्के होते. म्हणून त्यांना पाठ सरळ ठेवून खुब्यातून आणि गुडघ्यांतून वाकायला शिकवले. शिकवताना पाठीच्या कण्यावर उभी काठी धरली. डोके, पाठ आणि माकडहाड या तीन ठिकाणी काठी टेकलेली राहिली तर वाकणे बरोबर. आखूड केरसुणीच्या जागी उभ्याने वापरायचा लांब दांड्याचा झाडू आला. भरलेली कळशी नाही, पण अर्धी कळशी छातीशी धरून चालेल. पोट आवळून उठण्याचे व्यायाम आणि पायांचे अंगठे धरण्याची आसने कायमची बंद.

व्यायाम मोजकेच दिले, कारण लांबलचक यादी कोणीच पाळत नाही. पोटाखाली उशी घेऊन पालथे झोपून खांद्यांची पाती मागे खेचत छाती दोन बोटे उचलणे, खुर्चीवरून उठणे-बसणे, आणि ओट्याला हात लावून टाचा उचलणे व एका पायावर उभे राहणे. शेवटचा व्यायाम पाठीसाठी नव्हता. तो पडू नये म्हणून होता. प्रत्येकी पाच वेळांपासून सुरुवात केली.

औषधांमध्ये रोजची वेदनाशामक गोळी सर्वांत आधी थांबवली. क्रिएटिनिन १.३ हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो, पण ६२ वर्षे वय आणि ४६ किलो वजन धरून मूत्रपिंडाची गाळणक्षमता काढली तर ती मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर भरत होती, आणि अस्थिठिसूळतेवरील नेहमीची औषधे ३५च्या खाली देता येत नाहीत. म्हणजे मूत्रपिंडावर ताण आणणारी पाठदुखीवरची गोळी हाडांच्या उपचाराचाच रस्ता अडवून बसली होती. ती बंद करून गरजेपुरते पॅरासिटामॉल दिले. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.० वर आले, क्षमता ४२ झाली आणि रक्तदाबही उतरला. दीर्घकालीन वेदनेसाठी फिजिशियननी ड्युलोक्सेटिन अल्प मात्रेत सुरू केले होते, पण मळमळ आणि गरगर होऊ लागल्याने नवव्या दिवशी ते थांबवावे लागले. ठिसूळ हाडांच्या माणसाला गरगरणे परवडत नाही. दुसरे तसले औषध आम्ही दिले नाही.

ड जीवनसत्त्वाचे साठ हजार युनिट आठवड्याला एकदा असे आठ आठवडे देऊन पातळी ३४वर आणली, दात तपासून घेतले, आणि मग जूनमध्ये हाडांची झीज रोखणारे झोलेड्रोनिक आम्ल ५ मिलिग्रॅम शिरेतून दिले. ड जीवनसत्त्व कमी असताना हे औषध दिल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून ही वाट पाहणे आवश्यक होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वर्षातून एकदा असे तीन वर्षे दिल्यावर नवे मणके दबण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे अस्थिभंग ४१ टक्क्यांनी घटले होते. हाड नव्याने बांधणारे टेरिपॅराटाइड त्यांच्यासाठी अधिक योग्य होते, हे मी मान्य करते. पण रोजचे इंजेक्शन, ते थंड ठेवणे आणि त्याचा खर्च, हे त्या घराला झेपणारे नव्हते. घेतले न जाणारे उत्तम औषध आणि नक्की घेतले जाणारे चांगले औषध यांत आम्ही दुसरे निवडले. दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी येईल हे आधीच सांगून ठेवले होते. ती आली आणि दीड दिवसात गेली.

मधल्या काळात मुलाने मणक्यात सिमेंट भरण्याबद्दल विचारले. २००९ साली एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत या उपायाचा परिणाम लटक्या, म्हणजे केल्याचे फक्त भासवलेल्या, शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरला नव्हता. अगदी ताज्या, तीव्र दुखणाऱ्या अस्थिभंगात त्याचा उपयोग होतो का यावर मतभेद आहेत, पण वर्षापूर्वी सांधलेल्या, सूज नसलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याला काहीच आधार नाही. शिवाय दुखत होते ते त्या मणक्यात नव्हतेच.

सातव्या आठवड्यात, पावसाआधीच्या वाळवणाच्या गडबडीत, बाईंनी गच्चीवर तीन तास मांडी घालून कुरडया घातल्या. दुसऱ्या दिवशी पाठ धरली, घराने पुन्हा ब्रेस चढवला आणि त्यांना खाटेवर झोपवले. फोनवर "हे होतच असते, चालत राहा" असे सांगणे सोपे होते, पण अशा हाडांच्या बाबतीत नवा मणका दबल्याची शक्यता नाकारता येत नाही. आम्ही बोलावून घेतले. दुखणे जुन्याच जागी होते, चमक नव्हती, मधल्या रेषेत कोठेही ठोकल्यावर कळ नव्हती. तरीही एक्स-रे काढला आणि नवा अस्थिभंग नसल्याची खात्री केली. ब्रेस त्याच दिवशी उतरवला, दोन दिवस शेक आणि पॅरासिटामॉल दिले, व्यायाम निम्म्यावर आणले आणि आठवड्याने पूर्ववत केले. माझ्या मते उपचाराला खरे वळण या प्रसंगाने मिळाले. पाठ दुखली, एक्स-रे निघाला, मणका जागच्या जागी होता. जे मी सात आठवडे सांगत होते ते त्यांनी स्वतःच्या अंगावर पाहिले. त्यानंतर "परत तुटंल" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये, सहा महिन्यांनी, ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीवरची अक्षमता २८ टक्क्यांवर आली होती. खुर्चीवरून त्या तीस सेकंदांत नऊ वेळा उठत होत्या. संध्याकाळचे दुखणे सातावरून चारवर आले होते, पण गेले नव्हते. लग्नाच्या पंगतीत त्या अजूनही पूर्ण वेळ बसू शकत नाहीत आणि पॅरासिटामॉल आठवड्यातून दोन-तीनदा लागते. भिंत आणि डोके यांमधील पाच सेंटिमीटर अंतर तसेच राहिले. पाचर झालेला मणका व्यायामाने पुन्हा चौकोनी होत नाही, हे त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितले होते.

नातू आता त्यांच्या खोलीत झोपतो. उचलायचा नाही, खाटेवर बसून मांडीवर घ्यायचा, असे ठरले आहे. सून म्हणते की हा नियम दिवसातून एकदा तरी मोडला जातो. बसने येताना त्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या जागेवर बसतात, आणि ती मिळाली नाही तर पुढच्या बसची वाट पाहतात. झोलेड्रोनिक आम्लाचा दुसरा डोस पुढील जूनमध्ये आहे; त्याआधी क्रिएटिनिन पुन्हा पाहायचे आहे, आणि या वेळी तारीख कागदावर लिहून दिली आहे.